बाराव्या मिनिटाला बॉक्सर कुणाचा?

हौशी बॉक्सिंगचा कारभार पाहणाऱ्या संघटनांचे पदाधिकारी, स्पर्धांचे आयोजक आणि रिंगशेजारी बसणारे डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

तुमची नियमावली मी पुष्कळदा वाचली आहे. आधी स्वतः लढत होतो म्हणून, आणि आता दुसऱ्यांच्या कॉर्नरला पाण्याची बाटली घेऊन उभा राहतो म्हणून. बँडेज कसं बांधायचं, ग्लोव्हज कुणाच्या देखत चढवायचे, कॉर्नरमधून ओरडलं तर काय होईल, सगळं त्यात आहे. तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मधली दोन मिनिटांची विश्रांती मिळून अकरा मिनिटं होतात. या अकरा मिनिटांत बॉक्सरवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी माणसं तुम्ही नेमली आहेत. आत रेफरी, बाहेर पाच जज, टेबलाशी डॉक्टर. बाराव्या मिनिटाला मात्र तो कुणाचाच नसतो. माझी तक्रार एवढीच आहे, पण तिला फाटे बरेच आहेत, म्हणून पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

वजनापासून सुरुवात करतो, कारण स्पर्धेतला बॉक्सरचा दिवस तिथूनच उजाडतो. व्यावसायिक बॉक्सरचं वजन सहसा लढतीच्या आदल्या दिवशी होतं, त्यामुळे त्याला खाऊनपिऊन ताजंतवानं व्हायला एक रात्र तरी मिळते. हौशी बॉक्सरला ज्या दिवशी लढत त्याच सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं. वजन आटोपल्यापासून पहिल्या लढतीपर्यंत किमान तीन तास गेले पाहिजेत, असा नियम वर्षानुवर्षं छापला गेला. तीन तासांत पोट भरतं. आठवडाभर घाम गाळून उतरवलेलं पाणी तेवढ्यात भरून येत नाही. आणि त्यातली खरी मेख पुढे आहे: जो जिंकतो त्याला पुढच्या लढतीच्या सकाळी पुन्हा काट्यावर जायचं असतं. म्हणजे संध्याकाळी जिंकलेला मुलगा रात्री घोट मोजून पाणी पितो, आणि हरलेला पोटभर पितो. बक्षीस म्हणायचं की शिक्षा, तुम्हीच ठरवा.

वजनाच्या खोलीबाहेरचा पहाटेचा कॉरिडॉर तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? ट्रॅकसूटच्या आत प्लास्टिकचा सूट घालून मुलं दोरीवर उड्या मारत असतात. कुणी गोळी चघळत बाटलीत थुंकत बसलेलं असतं, कारण थुंकीचंही वजन असतं. ओठांना भेगा पडलेल्या, जीभ टाळूला चिकटलेली, त्यामुळे बोलणं जवळजवळ बंद. मग एकेक जण आत जातो, अंगावरचं सगळं उतरवतो, मित्र टॉवेलचा आडोसा धरतात, आणि काट्यावर पाय ठेवायच्या आधी तो श्वास पूर्ण सोडतो. श्वासानं वजन कमी होत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. तरी सोडतो. काट्यावरून उतरल्यावर पहिली बाटली तो एका दमात रिकामी करतो आणि दहा मिनिटांत अर्धी ओकून टाकतो.

काटा कुणाची गय करत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी अवघ्या १०० ग्रॅमनी जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा साऱ्या जगाला वजन उतरवण्याचं प्रकरण कळलं. ती कुस्ती होती. आमच्याकडे हेच रोज घडतं, फक्त बातमी होत नाही.

यात तुमचाही वाटा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे दहा वजनगट होते, पॅरिसला सातच उरले. महिलांचे तीनाचे सहा झाले ते योग्यच झालं, त्याला कुणाची हरकत नाही. पण पुरुषांचे गट ५७, मग ६३.५, मग थेट ७१ किलो असे विरळ झाले, की मधल्या वजनाचा मुलगा काय करणार? वर जाऊन आपल्यापेक्षा आडदांड मुलाचे ठोसे खाण्यापेक्षा तो खालीच उतरणार. गटांमधलं अंतर वाढवलंत तेव्हा वजन उतरवण्याचं ओझंही वाढवलंत, आणि सुकलेल्या शरीराच्या डोक्यावर ठोसे बसणं किती धोक्याचं आहे हे तुमच्या डॉक्टरांना मी सांगायची गरज नाही. उपाय नवा शोधायचा नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरवता उतरवता महाविद्यालयीन कुस्तीतली तीन मुलं काही आठवड्यांच्या आत दगावली. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीने हंगामाच्या सुरुवातीलाच शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरवून टाकलं. त्याखालच्या गटात त्याला उतरताच येत नाही. कुस्तीला हे जमतं, तर ज्या खेळात डोक्यावर मारल्याचे गुण मिळतात त्याला ते केव्हाच जमायला हवं होतं.

लढतीबद्दल फार लिहीत नाही. ती तुम्ही पाहताच. हेडगार्डबद्दल एक वाक्य: ऑलिम्पिकमध्ये ते १९८४ पासून आलं, २०१३ साली वरिष्ठ पुरुषांच्या डोक्यावरून काढलं, आणि दोन्ही वेळी कारण सुरक्षेचंच दिलं गेलं. हेडगार्डने भुवई फुटणं कमी होतं, कवटीच्या आतलं हादरणं थांबत नाही, हे रिंगमध्ये उतरलेल्या कुणालाही विचारा.

आता मूळ मुद्दा. हरलेल्या बॉक्सरची रात्र.

निकाल लागतो, रेफरी दुसऱ्याचा हात वर करतो, आपला मुलगा समोरच्या कॉर्नरला जाऊन हात मिळवतो आणि दोरातून खाली उतरतो. डॉक्टर बॅटरीचा झोत डोळ्यांत टाकतात. डोकं दुखतंय? नाही. मळमळ? नाही. आज वार कोणता? तो सांगतो. हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं प्रत्येक बॉक्सरला सरावाच्या पहिल्या वर्षातच पाठ झालेली असतात, कारण ‘हो’ म्हटलं की त्याच्या वैद्यकीय वहीत बंदीचा शिक्का बसतो हे थोरल्या मुलांनी त्याला केव्हाच सांगितलेलं असतं. एक-दोन मिनिटांत तपासणी संपते. मी डॉक्टरांना दोष देत नाही. पुढची लढत सुरू व्हायची असते आणि त्यांना रिंगशेजारून हलता येत नाही. पण मेंदूच्या इजेची लक्षणं त्या दोन मिनिटांच्या सोयीने येत नाहीत. कधी काही तासांनी येतात, कधी दुसऱ्या दिवशी. कवटीत सावकाश रक्त साचत असेल तर माणूस आधी चांगला बोलतो-चालतो, मग गुंगीत जातो. म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाला पहिले चोवीस तास एकटं सोडू नये, असं कुठलाही डॉक्टर सांगतो.

आपण काय करतो? हरलेल्याला मोकळं करतो. त्याचं नाव ड्रॉमधून खोडलेलं असतं, खोली दुसऱ्या दिवशी सोडायची असते, आणि बऱ्याचदा तो त्याच संध्याकाळी सामान भरून परतीच्या वाटेला लागतो. कोच जाऊ शकत नाही, कारण त्याचे बाकीचे बॉक्सर अजून स्पर्धेत असतात. मी अशा मुलांना निरोप दिला आहे. एकाच्या हाताचं बँडेज मी कात्रीने कापत होतो आणि त्याने मला तीनदा विचारलं, दुसरा राउंड कुणी घेतला. मी तीनदा सांगितलं. आयोजकांकडे जाऊन म्हटलं, याला आज रात्री ठेवून घ्या. उत्तर आलं की डॉक्टरांनी ‘ठीक’ लिहिलं आहे, आणि खोल्या उद्या दुसऱ्या संघाला द्यायच्या आहेत. त्या रात्री मी त्याच्याबरोबर गेलो. सुदैवाने पुढे काही झालं नाही. स्पर्धा कोणती हे इथे महत्त्वाचं नाही, कारण हेच उत्तर कुठेही मिळालं असतं.

याउलट उत्तेजक चाचणीसाठी निवड झालेल्या बॉक्सरकडे पाहा. त्याला चिठ्ठी हातात दिल्यापासून एक माणूस सावलीसारखा त्याच्या मागे असतो. पाणी उतरवून लढलेल्या मुलाला लघवी होता होत नाही, त्यामुळे कधी कधी दोन-दोन, तीन-तीन तास जातात, पण तो माणूस हलत नाही. नमुना देतानाही समोर कुणीतरी उभं असतं. म्हणजे बॉक्सरवर लढतीनंतर कित्येक तास नजर ठेवता येते, त्याला माणूसही मिळतो आणि पैसाही मिळतो. त्याच्या लघवीसाठी जे जमतं, ते त्याच्या डोक्यासाठी का जमत नाही?

तुम्ही म्हणाल, सक्तीच्या विश्रांतीचा नियम आहे ना. आहे, आणि चांगला आहे. डोक्यावरच्या ठोशांनी लढत थांबली किंवा बॉक्सर नॉकआउट झाला तर किमान ३० दिवस, तीन महिन्यांत पुन्हा तसंच झालं तर ९० दिवस, बारा महिन्यांत तिसऱ्यांदा झालं तर वर्षभर बंदी, अशी ती चढती पायरी आम्ही सगळे जाणतो. या काळात लढत नाही आणि स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढतही नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. लढत अडवायला वही आहे: शिक्का पाहिला की प्रवेश नाकारला जातो. स्पारिंग अडवायला काय आहे? काही नाही. सराव दाराआड चालतो आणि तिथे तुमचा कुणी नसतो. बंदीतला मुलगा आठवडाभराने हॉलमध्ये येतो, बॅगवर हलका हात चालवतो, मग पुढच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या एखाद्याला जोडीदार कमी पडतो आणि कोच म्हणतो, दोन राउंड उभा राहा, हलकंच घेऊ. स्पारिंग हलकं सुरू होतं. ते हलकं संपलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

हा पळवाटेचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. बॉक्सर वर्षभरात डोक्यावर जेवढे ठोसे खातो त्यातले बहुतेक स्पर्धेत बसत नाहीत, स्पारिंगमध्ये बसतात. लढती वहीत मोजल्या जातात, स्पारिंगचे राउंड कुठेच मोजले जात नाहीत. त्यामुळे ‘याच्या मोजक्याच लढती झाल्या आहेत’ या वाक्याला काही अर्थ राहत नाही. त्याच वहीत स्पारिंगसाठी एक पान घाला. तारीख, राउंड, कोचची सही. खोट्या सह्या होतील, मला माहीत आहे. पण आज खोटं बोलायचीसुद्धा कुणाला गरज पडत नाही, इतकं सगळं उघडं आहे. आणि बंदीच्या काळात मुलाला स्पारिंगला उभं केलं तर कोचचा परवाना जाईल, एवढं एकदा करून दाखवा.

‘हौशी बॉक्सिंग सौम्य असतं’ ही समजूतही आता बाजूला ठेवायला हवी. स्वीडनने १९७० साली व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली आणि हौशी चालू ठेवलं, ते याच समजुतीवर. त्याच स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१२ साली ऑलिम्पिक पद्धतीने लढणाऱ्या ३० बॉक्सरांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. लढतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यातल्या बहुतेकांत मेंदूतल्या पेशींना इजा झाल्याच्या खुणा सापडल्या, आणि काहींच्या बाबतीत त्या किमान चौदा दिवसांच्या विश्रांतीनंतरही गेल्या नव्हत्या. बॉक्सरच्या मेंदूचं काय होतं यावर हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांचा निबंध १९२८ साली आला. १९७३ साली कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ माजी बॉक्सरांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. म्हणजे विषय जवळजवळ शंभर वर्षं टेबलावर आहे. व्यावसायिकांइतकी हानी हौशींना होते असं ठामपणे म्हणायला पुरावा नाही, हेही खरं, आणि मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मला हा खेळ आवडतो. माझ्या हाताखालच्या मुलांना मी तो सोडायला सांगत नाही. पण पुरावा का नाही, याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. खेळ सोडलेल्या हौशी बॉक्सरांची कुणी तपासणीच करत नाही. लढत होता तोवर दर वर्षी वैद्यकीय दाखला मागता. शेवटच्या लढतीनंतर त्याला एकदा तरी बोलावता का?

निकालांचंही थोडं बोलायला हवं, कारण शरीराला लागत नाही ते इथे लागतं. १९८८ ला सोलमध्ये रॉय जोन्स ज्युनियर अंतिम लढत ३-२ अशी हरला आणि त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून त्यालाच गौरवण्यात आलं. त्या गोंधळानंतर १९९२ ला बटणं दाबून गुण मोजायची यंत्रं आली, २०१३ ला ती जाऊन राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पद्धत आली, आणि रिओनंतर तिथल्या सर्व ३६ रेफरी-जजना बाजूला करावं लागलं. रिओमध्ये मायकेल कॉनलन ज्या व्लादिमीर निकितिनकडून हरला, तो निकितिन जखमांमुळे उपांत्य लढतीला उतरूच शकला नाही. २०२१ च्या मॅकलॅरेन चौकशी अहवालाने सांगितलं की तिथे निकाल फिरवण्याची यंत्रणाच होती. मग जुनी संघटना ऑलिम्पिक चळवळीबाहेर गेली, नवी आली, बॉक्सिंग २०२८ च्या लॉस एंजेलिसला राहणार हे २०२५ मध्ये ठरलं. खुर्च्यांचा सगळा हिशेब झाला. चुकीचा निकाल लागलेल्या बॉक्सरांपैकी किती जणांना तुमच्यापैकी कुणी पत्र लिहिलं? पदक परत मागत नाही कुणी. ‘त्या दिवशी तू हरला नव्हतास’ एवढं अधिकृत कागदावर हवं असतं. हौशी बॉक्सरला मानधन नाही, पट्टा नाही; त्याच्या कमाईत विजय-पराजयाची नोंद एवढीच गोष्ट असते, आणि तीच खोटी निघाली तर त्याच्या हातात काय राहतं?

महिला बॉक्सरांसाठी वेगळं पत्र लिहायला हवं, आणि ते त्यांनीच लिहावं. मी एवढंच म्हणतो की २०१२ ला लंडनमध्ये त्यांना ऑलिम्पिकचं दार उघडलंत, पण नियम पुरुषांचेच पुढे चालवलेत. गरोदर नसल्याचं लेखी निवेदन लढतीआधी घेता. बाळंतपणानंतर परतणारीसाठी मात्र क्रमवारीत जागा ठेवली नव्हती. कॅनडाच्या मँडी बुजोल्डला टोकियोला जाण्यासाठी २०२१ साली क्रीडा लवादाकडे जावं लागलं, तेव्हा कुठे तिचा बाळंतपणाचा काळ धरला गेला.

आणि खेळ सुटल्यावर? बहुतेकांचा तो समारंभाने सुटत नाही. एखादा पराभव, एखादी न भरलेली प्रवेशिका, आणि मग लक्षात येतं की आपण शेवटची लढत लढून चुकलो. वयाची चाळिशी ही तुमची मर्यादा. बहुतेक जण त्याच्या निम्म्यालाच बाहेर पडलेले असतात. वर्षानुवर्षं उपाशी ठेवलेलं शरीर सूड उगवतं, काही महिन्यांत दोन वजनगट वर जातं. सकाळी मूठ मिटताना सांधे बोलतात. रोज संध्याकाळी ठराविक वेळी अंग तापायला लागतं आणि त्या तापाला जायला जागा नसते. माणूस चिडचिडा होतो. ती चिडचिड खेळ सुटल्याची आहे, की झोप नीट होत नसल्याची, की डोक्यावर बसलेल्या ठोशांची, हे त्याला कळत नाही आणि घरच्यांनाही कळत नाही. विचारणार कुणाला? त्याच्या वैद्यकीय वहीचं शेवटचं पान भरलं तेव्हाच तुमचा त्याच्याशी संबंध संपलेला असतो.

खर्चाची अडचण पुढे येईल, ती मी ऐकून आहे. उद्घाटनाच्या कार्यक्रमाला आणि पाहुण्यांच्या राहण्याला ती कधी आड आलेली पाहिली नाही, म्हणून तिच्यावर जास्त शाई घालवत नाही.

किमान वजनाचं प्रमाणपत्र, स्पारिंगची नोंद, खेळ सोडल्यावर एक तपासणी, यांना समित्या लागतील, बैठका लागतील, हे मला समजतं. एका गोष्टीला काहीही लागत नाही. तुमच्या पुढच्या स्पर्धेचं परिपत्रक निघेल तेव्हा राहण्याच्या व्यवस्थेच्या परिच्छेदात एवढं घाला: पराभूत बॉक्सर लढतीच्या रात्री स्पर्धेच्या ठिकाणीच मुक्काम करील, त्याच्या खोलीत दुसरं माणूस असेल, आणि सकाळी डॉक्टरांनी पुन्हा पाहिल्याशिवाय तो निघणार नाही. मसुदा मी लिहूनच दिला आहे. बाकीच्या मुद्द्यांवर तुम्ही बोलवाल तेव्हा येतो.

कळावे,

आपला,
एक माजी हौशी बॉक्सर, सध्या कॉर्नरमध्ये